रासायनिक अनुचलन
रासायनिक अनुचलन : रसायनाच्या संहतीतील फरक ओळखून एककोशिक जीवाने त्याच्याकडे सरकणे अथवा त्यापासून दूर जाणे. नेच्याचे पुं-युग्मक मॅलिक अम्ल भरलेल्या केशनलिकेत शिरतात, असे व्हिल्हेल्म प्फेफर यांना १८८४ मध्ये आढळले; पुढे सूक्ष्मजंतूंवरही त्यांनी हीच युक्ती वापरली. आकर्षण केवळ अन्नाच्या उपयोगामुळे असते, हा समज जूलियस ॲड्लर यांनी १९६९ मध्ये खोडला. एश्चेरिकिया कोलाय हा जंतू ज्यांचा चयापचय करू शकत नाही अशा काही द्रव्यांकडेही जातो. ओळख पटते ती ग्राहींमुळे. एवढ्याशा देहाच्या दोन टोकांमधील फरक जाणवणे कठीण. जंतू आताच्या संहतीची क्षणापूर्वीच्या संहतीशी तुलना करतो, हे १९७२ मध्ये दिसून आले. अनुकूल दिशेने जाताना त्याच्या कोलांट्या लांबणीवर पडतात, इतकेच.

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण मूळगाठींतील जंतूंचे. लसूणघासाच्या गाठी करणाऱ्या जंतूची संबंधित जनुके ल्यूटिओलीन या वनस्पतिज द्रव्याने जागी होतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. जालना जिल्ह्यात, जेथे बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ख्यातनाम आहे, तूर व हरभरा दोन्ही पिकतात. पण तुरीच्या गाठी मुख्यतः ब्रॅडिरायझोबियमाच्या, हरभऱ्याच्या मेसोरायझोबियमाच्या. म्हणून एकाचे जिवाणू संवर्धन दुसऱ्यास उपयोगी पडत नाही. शिवाय जंतू मातीतील पाण्याच्या पातळ थरातूनच पोहतो. पाऊस ओढ देतो तेव्हा मुळाचा संकेत असूनही वाट नसते. यास्तव संवर्धन बियाण्यासच चोळतात, आणि तेही बुरशीनाशक लावून झाल्यावर.