परमुलखाची सडक

सोलापूरहून सडकेने परक्या शहरी जाता येत असे, असे सांगितले तर घरातील मुले हसतील. पण १९४८ पर्यंत हैदराबाद आम्हा सोलापूरकरांना परराज्यच होते. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. मात्र नळदुर्ग येण्याआधीच निजामाची हद्द लागे. मालावर करोडगिरीची जकात द्यावी लागे, आणि पुढे चलनही हाली शिक्क्याचे. हद्दीच्या दोन्ही अंगांना बोली मराठीच, सोयरिकीही जुन्याच. तरी कित्येक लेकींचे माहेर परमुलखात!

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इकडे तिरंगा फडकला. तिकडे तो फडकावणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून याच सडकेने निघाल्या. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी फौजा हैदराबादेत होत्या.

परवा एस. टी.ने नळदुर्गास निघालो. शेजारी भाऊबीजेला माहेरी चाललेली एक बाई मांडीवर फराळाचा डबा घेऊन बसली होती. जुनी हद्द कुठे गेली ते मी खिडकीतून शोधीत होतो. तिला मात्र केव्हाच डुलकी लागली होती.