टॉलेमींची काशाची नाणी
* ग्रंथकर्त्याने येथे वर्णिलेले नाणे इजिप्तच्या टॉलेमी राजवंशाचे होय. अलेक्झांडरच्या पश्चात इ. स. पू. ३० पर्यंत नांदलेल्या या ग्रीक घराण्यातील प्रत्येक राजाने टॉलेमी हेच नाव धारण केल्यामुळे, एका अंगास झ्यूस-अमोनचे मेंढ्याच्या शिंगांचे मस्तक, दुसऱ्या अंगास वज्रावर उभा गरुड आणि भोवती ‘राजा टॉलेमीचे’ एवढाच लेख, यांवरून नाणे कोणाच्या कारकिर्दीतले हे ठरत नाही. त्याची खातरजमा गरुडाच्या पायांमधील अक्षर, त्याच्या पुढ्यातील समृद्धिशृंग, वजन आणि व्यास ताडूनच करावी लागते. मोठी नाणी सत्तर ग्रॅमपर्यंत, क्वचित त्याहूनही जड भरतात. दोन्ही अंगांच्या मध्यभागी आढळणारा खळगा टांकसाळीतील घडणीचाच असल्याने, तो दोष मानून मोल उतरवणे सर्वथा अनुचित आहे. मोल ठरते ते ठशाच्या स्पष्टतेवर, दुर्मिळतेवर आणि शतकानुशतके जमलेल्या हिरव्या-तपकिरी लेपाच्या अखंडतेवर. म्हणून नाणे चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या हौशी संग्राहकांस कळकळीची विनंती, की त्यांनी तसे कदापि करू नये. फिकट हिरवी भुकटी सुटू लागल्यास मात्र धातू आतून खाल्ला जात असल्याचे जाणून ते नाणे इतरांपासून तत्काळ वेगळे, कोरड्या जागी ठेवावे. — संपादक