रिमोटच्या गाडीची बॅटरी : बुऱ्हाणपूरच्या उन्हात कोणती निवडावी?

वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ मागे टाकून खांडव्याकडे वळते, तेव्हा वाटेत मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर लागते. तापीकाठचे हे शहर महाराष्ट्राच्या सीमेला लागून असून तेथे मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. मडगावच्या अंगणात सुरळीत धावणारी रेडिओ-नियंत्रित गाडी मे महिन्याच्या सुटीत या आगगाडीने तिकडे नेली, तर तिची चाके, मोटर आणि रिमोट तेच राहतात. बॅटरीला मात्र निराळ्याच हवामानाला तोंड द्यावे लागते. गोव्यात पारा तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो. तापीच्या खोऱ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश ही त्या दिवसांत नवलाची गोष्ट नाही. बॅटरीचे प्रकार तोलताना वेग आणि किंमत पाहण्याची रीत आहे. येथे तापमान आधी पाहिले पाहिजे.

एकेकाळी अशा गाड्यांत निकेल-कॅडमियम बॅटरी असे. कॅडमियम विषारी असल्यामुळे आणि अर्धवट रिकामी करून पुन:पुन्हा भरल्यास तिची क्षमता घटल्यासारखी वाटत असल्यामुळे ती मागे पडली. तिची जागा निकेल-मेटल हायड्राइडने घेतली. या प्रकारातील प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सहा सेल जोडून ७.२ व्होल्टचा पॅक होतो. ३००० मिलिअँपिअर-तासांचा असा पॅक साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतो. गाडी सरासरी १२ अँपिअर ओढत असेल, तर तो हिशेबाने पंधरा मिनिटे पुरतो. शर्यतीच्या शौकिनांना हे वजन आणि शेवटच्या काही मिनिटांतील मंदावणे खटकते. नवशिक्यासाठी मात्र तीच मंदावणारी चाल ‘आता थांबा’ अशी सूचना ठरते.

लिथियम-पॉलिमर, म्हणजे बोलीतला ‘लायपो’, याच्या उलट स्वभावाचा. त्याचा सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. दोन सेलचा ७.४ व्होल्टचा, ५००० मिलिअँपिअर-तासांचा पॅक निकेलच्या पॅकपेक्षा हलका असूनही अधिक वेळ चालतो, आणि जवळजवळ अखेरपर्यंत जोर टिकवतो. त्याच्यावर ‘३० सी’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ क्षमतेच्या तीसपट, म्हणजे १५० अँपिअर प्रवाह देण्याचा दावा. हे आकडे उत्पादक बरेचदा फुगवून छापतात, तेव्हा दोन पॅकची तुलना केवळ त्यांवरून करू नये. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू शकतो. म्हणून गाडीच्या वेगनियंत्रकात लायपोसाठीची खंड-मर्यादा चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. निकेलसाठी लावलेल्या गाडीत लायपो बसवून ती बंद पडेपर्यंत पळवणे, ही बॅटरी मारण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

आता उष्णतेकडे वळू. लिथियमच्या बहुतेक सेलना भरताना ४५ अंश आणि वापरताना ६० अंश ही वरची मर्यादा सांगितलेली असते. पणजीत भरण्याच्या मर्यादेपर्यंत अकरा-बारा अंशांचे अंतर शिल्लक राहते. बुऱ्हाणपुरात मेच्या दुपारी सावलीतच ते दोन-तीन अंशांवर येते. डांबरी रस्ता हवेहून बराच तापलेला असतो, मोटर स्वतः तापते आणि प्रवाह देताना सेलही आतून तापतो. अशी धाव संपवून आलेला पॅक लगेच चार्जरला लावला, तर तो मर्यादेच्या वर असतानाच भरला जातो. सेलच्या आत वायू साठतो, पॅक उशीसारखा फुगतो, आणि आतील पडदा फाटला तर ज्वलनशील द्रव पेट घेतो. फुगलेला पॅक एकदाच वापरून पाहू, हा मोह टाळावा.

या शहरात आणखी एक कारण आहे. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव आहे. जेथे माग घरातच किंवा घराला लागून असतो, तेथे सुताचे गुंडे, कापड आणि हवेत तरंगणारे कापसाचे तूस आलेच. तुसाला आग लागायला ठिणगीही पुरते. अशा घरात लायपो मागाच्या खोलीत कधीही भरू नये. जाड भिंतींच्या जुन्या घरातील तळमजल्याची थंड, मोकळी फरशी, त्यावर मातीची कुंडी, कुंडीत पॅक आणि शेजारी कोरडी वाळू, एवढी तयारी पुरेशी आहे. मात्र समोर जागे माणूस हवे. पहाटे भरावे, सहा-सात वाजता खेळावे, आणि दुपारी बॅटरीला हात लावू नये.

निकेल-मेटल हायड्राइडलाही ऊन मानवत नाही, हे खरे. चाळिशीच्या वर ती पूर्ण भार घेत नाही. पॅक भरल्यावर व्होल्टमध्ये होणारी किंचित घट ओळखून चार्जर थांबतो. उष्णतेत ही घट पुसट होते आणि पॅक भाजेपर्यंत भरणे चालू राहू शकते. ठेवून दिलेला भारही उन्हाळ्यात लवकर गळतो. परंतु तिचे नुकसान बहुधा क्षमतेचे असते, घराचे नसते. म्हणून निमाडातल्या पहिल्या गाडीसाठी माझे मत तिच्याच बाजूने आहे.

लिथियम-लोहफॉस्फेट हा चौथा प्रकार दुकानांत कमी दिसतो. त्यातील ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो उष्णता अधिक सोसतो, आणि भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्याही पुष्कळ देतो. पण दोन सेलचे ६.४ व्होल्टच होतात, आणि मोटरचे फेरे व्होल्टच्या प्रमाणात असल्याने गाडी मंद वाटते. स्वस्त खेळण्यांत १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे गोल लिथियम-आयन सेल येतात. त्यांवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले दिसले, तर ती थाप समजावी. या आकारात ३५०० च्या आसपास म्हणजे चांगला सेल.

चार्जर मात्र प्रकारानुसारच हवा. निकेलच्या पद्धतीवर लायपो लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. लायपोचे सेल समतोल भरणारी बारीक तारेची जोडणी दरवेळी लावावी, आणि प्रवाह क्षमतेइतकाच ठेवावा. ५००० च्या पॅकला ५ अँपिअर, म्हणजे साधारण तासाभराचे काम. आठवडाभर खेळायचे नसेल, तर पॅक सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावा. उन्हात उभ्या मोटारीत पूर्ण भरलेला पॅक विसरणे सर्वांत वाईट.

आपल्याकडे गोव्यात अडचण वेगळी आहे. खारी, दमट हवा जोडण्यांवर गंज चढवते आणि पावसाळ्यात पिना हिरवट पडतात. येथे लायपो निर्धास्त चालतो, असे नव्हे. पण तापमानाचा धाक कमी असल्याने जरा सरावलेल्याने तो वापरायला हरकत नाही.

विमानाने इंदूरपर्यंत जाऊन पुढे बुऱ्हाणपूर गाठणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानात ठेवाव्यात. नोंदवून द्यायच्या बॅगेत त्यांना मनाई आहे. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, आणि ७.४ व्होल्टचा ५००० चा पॅक ३७ वॅट-तासांचाच होतो. टोकांना चिकटपट्टी लावावी. निकामी पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा पॅक विकत घेतानाच दुकानदाराला तो परत कोठे द्यायचा, हे विचारून ठेवावे.