डेमलोच्या घराण्यातली मूळ संख्या

एकपासून दहापर्यंत चढत लिहा, मग नऊपासून उतरत एकापर्यंत या: 12345678910987654321. ही वीस अंकी संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेही भाग जात नाही. दिसायला पोरखेळ, पण हिची भावकी थेट डोंबिवलीत निघते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) म्हणजे देवळालीचे शाळामास्तर. 1930 ते 1962 त्यांनी तिथे शिकवलं. लोकांना ते 6174 मुळे ठाऊक असतात, पण त्याआधीच त्यांना एक निराळी जात सापडली होती. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, ही कल्पना सुचली, म्हणून नाव पडलं डेमलो संख्या. संख्यांना थोरामोठ्या गणितज्ञांची नावं द्यायची रीत. मास्तरांनी स्टेशनचं दिलं, हे मला फार आवडतं. 1939 मध्ये के. आर. गुंजीकरांबरोबर त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांचा सिद्धान्तही मांडला.

खूण सोपी आहे. संख्येचं डावं टोक आणि उजवं टोक मिळवायचं. बेरजेत मधलाच अंक पुन्हापुन्हा यायला हवा. 165 मध्ये 1 आणि 5 मिळून 6, मध्येही 6. 1234321 मध्ये 123 अधिक 321 म्हणजे 444, मध्ये 4. यातली देखणी शाखा नुसत्या एकांच्या वर्गांची: 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, आणि नऊ एकांचा 12345678987654321.

दहा एकांना मात्र घडी मोडते. वर्ग करताना मधल्या घरात दहा येतात; दहाचं शून्य, हातचा एक. तो शेजारच्या नवाला मिळून तिथेही दहा, पुन्हा हातचा. शेवटी उरतं 1234567900987654321. डावीकडचा आठ गेला, मध्ये दोन शून्यं आली. वर्ग तो वर्गच, पण रूप गेलं.

आता हातचा घेऊच नका. मधल्या घरात सरळ 10 लिहून टाका, की आपली वीस अंकी संख्या तयार. वर्ग कधीच मूळ नसतो, कारण त्याला त्याच्याच वर्गमुळाने भाग जातो. नऊ एकांच्या वर्गाला तर 3, 37 आणि 333667 हे तिघेही भागतात. इथे मात्र अंकांची बेरीज 91, तेव्हा 3 बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा 45 आणि 46, तेव्हा 11 ही बाद. पुढचं काम संगणकावर सोपवलेलं बरं: वर्गमूळ 351 कोटींच्या घरात जातं, आणि तिथवरच्या सोळा कोटींहून जास्त मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहायचं.