युद्धोत्तर जपानमधील आदरार्थी भाषेचे परिवर्तन

औपचारिक व अनौपचारिक शब्दांची निवड ही समाजातील श्रेणीसंबंधांची निदर्शक असते. जपानचा युद्धोत्तर इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राट हिरोहितो यांची शरणागतीची ध्वनिमुद्रित घोषणा रेडिओवरून प्रसारित झाली. स्वतःचा उल्लेख सम्राटासाठीच राखीव असलेल्या 'चिन' या सर्वनामाने करणारी ती अभिजात दरबारी भाषा असंख्य श्रोत्यांना उमगली नाही; राष्ट्राचे भवितव्य सांगणारे शब्दच प्रजेला परके होते. याउलट, एप्रिल १९४६ मध्ये नव्या संविधानाचा मसुदा बोलभाषेच्या वळणाने प्रसिद्ध करण्यात आला. पुढे १९५२ मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने आदरार्थी भाषा परस्परसन्मानावर आधारलेली असावी, अशी शिफारस केली. स्वतःसाठी 'वाताशी', समोरील व्यक्तीसाठी 'आनाता' आणि संभाषणासाठी 'देसू-मासू' ही रूपे तिने प्रमाण मानली. तथापि वरिष्ठास 'आनाता' म्हणणे आजही औद्धत्याचे समजले जाते. तेथे आडनाव अथवा पदनामच योजावे लागते. यावरून असे म्हणता येईल की, प्रमाण रूपे शासकीय शिफारशीने ठरविता येतात. परंतु समानतेचे सर्वनाम समाजात रुजविणे तेवढ्याने साध्य होत नाही.