द्राक्षाची दारू आणि वसईचा शिरका

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. या लोकांचें जेवण द्राक्षाच्या दारूवांचून होत नसे. मांस टिकावें म्हणून तें दारूंत व लसणींत मुरवण्याची त्यांची जुनी चाल होती. त्या प्रकारास ते ‘विन्या द आल्यूश’ म्हणत. पण वसईची दमट हवा द्राक्षमळ्यांस मानवणारी नव्हती, आणि लिस्बन तर महिनोगणतीच्या प्रवासावर. देवळांतील मिस्सेच्या विधीस द्राक्षाचीच दारू लागे. तेथें तडजोडीस जागा नव्हती. स्वयंपाकघरांत मात्र ती होती. झाडावरून उतरवलेली ताडी आंबून जो शिरका होतो, तो दारूच्या जागीं आला. जोडीला मिरची व इकडचे मसाले आले. गोव्याचें विंदालू तें हेंच, आणि वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतील इंद्याल हें त्याचें भावंड.

मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला व वसईंतील फिरंगी अंमल संपला. गांवकरी ख्रिस्ती मात्र येथलेच होते. ते राहिले, आणि त्यांच्या चुलीवर इंद्यालही राहिलें. दोनशें वर्षांत तें परक्यांचें उरलेंच नव्हतें.