दोन मित्र, एक अस्वल आणि अरण्यातील जबाबदारीचा इतिहास

दोन मित्र अरण्यातून जात असतात. समोरून अस्वल येते. एक मित्र झाडावर चढतो; दुसरा श्वास रोखून जमिनीवर पडून राहतो. अस्वल त्याला हुंगते आणि मेलेला समजून निघून जाते. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यापासून मुंबईपर्यंत, मराठीतून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. अस्वलाविषयी मराठी माणसाला जे ‘ठाऊक’ असते, त्यातील बराच भाग या एका कथेतून आलेला आहे. अडचण एवढीच की त्या कथेतील अस्वल आपले नव्हेच. #थ्रेड

कथा ईसापची, म्हणजे ग्रीक परंपरेतील. तिच्यातील प्राणी म्हणजे युरोपच्या डोंगरांतील तपकिरी अस्वल. मराठीत ईसाप फार लवकर आला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी स्वतःचा छापखाना उभारला, तेव्हा १८०६ च्या सुमारास तेथे छापलेले ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक ईसापच्या गोष्टींचेच होते. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ मुंबईत प्रसिद्ध झाली. मराठी मुद्रणाच्या पहिल्या पिढीपासून ईसाप असा आपल्या पाठ्यपुस्तकांच्या वाटेवर आहे. मैत्रीची परीक्षा संकटात होते, हा बोध आपण घेतला तो योग्यच. पण त्यासोबत अस्वलाविषयीचा एक सल्लाही नकळत आयात झाला.

आता आपले अस्वल पाहू. सातपुड्यात, अजिंठ्याच्या रांगेत, ताडोबात आणि गडचिरोलीत आढळणारे हे काळे, झुबकेदार केसांचे, छातीवर पांढुरक्या अर्धचंद्राची खूण असलेले जनावर युरोपातील विद्वानांना प्रथम ओळखताच आले नाही. लांब वाकड्या नख्या आणि वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसणे, एवढ्यावरून जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याला दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या झाडाला लोंबकळणाऱ्या संथ प्राण्याच्या कुळात बसवले आणि ‘ब्रॅडिपस उर्सिनस’ असे नाव दिले. चूक पुढे सुधारली गेली. ‘स्लॉथ बेअर’ हे इंग्रजी नाव मात्र चिकटून राहिले. सावधपणे चालणाऱ्या कोणत्याही गुराख्याने या प्राण्याला संथ म्हटले नसते, हे वेगळे सांगायला नको.

ते दोन दात नसण्याला कारण आहे. हे अस्वल वाळवी आणि मुंग्या खाते. वारूळ नख्यांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, अशी त्याची रीत. हा आवाज बराच दूर ऐकू जातो. पण खाण्यात गुंतलेल्या अस्वलाला माणसाची चाहूल मात्र लागत नाही. त्याची दृष्टीही मंद. त्यामुळे पायवाटेच्या वळणावर माणूस आणि अस्वल एकमेकांच्या अगदी पुढ्यात येतात, आणि दोघेही दचकतात.

दचकलेले हरिण पळते. हे अस्वल मात्र बहुधा चाल करून येते. वाघ जिथे शेजारी आहे अशा अरण्यात ज्याचा वंश वाढला, त्याला पाठ दाखवून पळणे परवडणारे नव्हते; पुढे होऊन, उभे राहून, ओरडून धडक देणे हाच त्याचा बचाव ठरला. मादीच्या पाठीवर पिल्ले बसलेली असतील तर प्रश्नच नाही. भक्ष्य म्हणून ते माणसावर धावत नाही. धडक देते, नख्या-दात चालवते आणि निघून जाते. पण एवढ्या क्षणांत माणसाचा चेहरा आणि डोके यांची जी दशा होते, ती आयुष्यभराची असते.

या माहितीवर ईसापची कथा पारखून पाहावी. झाडावर चढलेला मित्र सुरक्षित नाही, कारण मधासाठी हे अस्वल उत्तम चढते. पळून उपयोग नाही; ते माणसापेक्षा वेगवान आहे. पडून राहणे हा भाग अर्धा खरा आहे, पण चित्रात दाखवतात तसे उताणे पडून नव्हे. अस्वलाचा अभ्यास करणारे आज सांगतात की अंगावर आलेच तर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे ठेवावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी आणि ते दूर जाईपर्यंत हलू नये. कथेतील खरी चूक त्याही आधीची. दोघे एकत्र उभे राहिले असते, तर वाचण्याची शक्यता अधिक होती. बोलत चालले असते, तर गाठच पडली नसती.

गंमत अशी की आपल्या परंपरेत याहून नेमकी गोष्ट होती, आणि ती दर गणेश चतुर्थीला सांगितली जाते. स्यमंतक मण्याची. चंद्रदर्शनाचा दोष, कृष्णावरील आळ, हा भाग सर्वांना माहीत असतो. भागवताच्या दहाव्या स्कंधातील तपशील पाहिला, तर ती माग काढण्याची कथा आहे. प्रसेनाला सिंहाने मारले, सिंहाला जांबवानाने. आणि तो माग एका अंधाऱ्या गुहेपाशी येऊन थांबला. कृष्णाने बरोबरच्या लोकांना बाहेर थांबवले आणि स्वतः एकटा आत गेला. आत जांबवानाचे मूल त्या मण्याशी खेळत होते. परका माणूस पाहून दाई ओरडली, आणि ते ऐकून जांबवान धावून आला. अठ्ठावीस दिवस युद्ध चालले. बाहेरच्या लोकांनी बारा दिवस वाट पाहिली आणि दुःखी होऊन परत गेले.

ईसापच्या कथेत अस्वल माणसांच्या वाटेवर येते. भागवतात माणूस अस्वलाच्या घरात शिरतो आणि पिल्लाजवळ उभा राहतो. जांबवानाचा राग कथाकाराला समजलेला आहे. त्याला दुष्ट ठरवले जात नाही. शेवटी तो सासराच होतो. आत जाण्याचा धोका ज्याने पत्करला त्याने तो इतरांवर टाकला नाही, हेही त्यात आहे. अरण्यातील जबाबदारीचा विचार करणाऱ्याने ही दोन्ही सूत्रे जवळ ठेवावीत. पुढच्या शतकांत दोन्ही विसरली गेली.

एकोणिसाव्या शतकात अस्वल गुन्हेगार झाले. ब्रिटिश अमलाखालील प्रांतांतून १८७० च्या दशकापासून दरवर्षी हिंस्र पशूंनी मारलेल्या माणसांचे तक्ते निघू लागले. वाघ, बिबट्या, लांडगा यांच्यासोबत अस्वलालाही त्यात स्वतंत्र रकाना होता. मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळे. तक्त्यात मेलेल्या माणसांची संख्या असे. ती माणसे त्या वेळी कुठे आणि का गेली होती, याला रकाना नव्हता. जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ चे. सातपुड्याचे अत्यंत जिवंत वर्णन त्यात आहे. पण त्या काळच्या एकूण शिकारसाहित्यात अस्वल हे बहुधा तापट, बेभरवशाचे आणि काहीसे हास्यास्पद पात्र म्हणूनच येते.

शिकाऱ्यांची एक आचारसंहिता होती, आणि तिला न्याय दिला पाहिजे. जखमी जनावर तसेच सोडून परतायचे नाही, माग काढून त्याचा शेवट करायचा, हा तिचा कडक नियम. जखमी अस्वल दुसऱ्या दिवशी लाकूडफाट्याला आलेल्या बाईवर धावेल, हे ते जाणून होते. पण माग काढताना सर्वांत पुढे, जमिनीकडे डोळे लावून चालत असे तो गावातला वाटाड्या. हाक्यात ढोल बडवीत झुडपांतून येणारेही गावकरीच, बंदूकवाला मचाणावर. निजामाच्या राज्यातही शिकारीचे वैभव असेच होते. सहावा निजाम महबूब अली खान याच्या शिकारींची लाला दीनदयाळ यांनी टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. जबाबदारी साहेबाच्या आणि सरदाराच्या नावावर, जोखीम हाकाऱ्याच्या अंगावर.

गावकुसातले अस्वल याच काळात वेगळे होते. दरवेशी त्याला नाकात वेसण घालून दारोदार नेई, डमरूवर नाचवी. त्याचे सुळे काढलेले असत. भीती जावी म्हणून लेकरांना त्याच्या पाठीवर बसवीत आणि त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधीत. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी अस्वल पाहिले ते असे: दुबळे, आज्ञाधारक, आईबापांच्या देखत हात लावता येणारे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हे बेकायदा ठरवले. प्रथा प्रत्यक्षात संपायला मात्र २००९ च्या आसपासचा काळ उजाडला, आणि तेही दरवेशी समाजाला दुसरा रोजगार देण्याचे प्रयत्न झाले तेव्हा.

१९७२ च्या या कायद्यातील कलम ११ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने वन्य प्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा नाही, असे ते म्हणते. पण लगेच एक परंतुक येते. बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती याच कायद्याचे उल्लंघन करीत असेल, तर तिला ही सवलत नाही. विनापरवाना अभयारण्यात शिरलेला, शिकारीसाठी फासे लावायला गेलेला माणूस ‘अस्वल अंगावर आले म्हणून मारले’ असे म्हणून सुटू शकत नाही. तक्त्यात जो रकाना नव्हता, तो शंभर वर्षांनी कायद्यात आला: माणूस तिथे काय करीत होता?

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींचा जीव घेतला. ती अस्वले माणसांनी टाकलेल्या अन्नाला सोकावलेली होती. त्यानंतर उद्यानांतील कचऱ्याचे ढीग बंद करणे, अस्वलांना खाऊ घालण्यावर कडक बंदी, शिधा कसा ठेवावा याचे नियम, हे सारे पर्यटकाचे कर्तव्य म्हणून रुजले. आज चित्रफितींतून आपल्यापर्यंत येणारे बहुतेक सल्ले तिथले आहेत. ते जसेच्या तसे मेळघाटात लागू करणे म्हणजे ईसापचीच पुनरावृत्ती. तिथे अस्वल माणसाच्या अन्नाकडे येते. इथे अनेकदा दोघांचे अन्न एकाच झाडाखाली पडलेले असते.

साखऱ्याच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू शकेल. सेनगाव तालुक्यात आज सोयाबीन, तूर, हळद आहे. दाट रान नाही. पण उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या ज्या रांगेत उगम पावते, त्याच रांगेत अस्वलांसाठी प्रसिद्ध असलेले ज्ञानगंगा अभयारण्य आहे. आणि २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण वाघ याच हिंगोली जिल्ह्यातून पुढे जात, सुमारे १३०० किलोमीटरची भटकंती करून ज्ञानगंगेत पोहोचला. त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासकांच्या सांगण्यानुसार, शेकडो गावांच्या शिवारांतून गेलेल्या त्या वाघाकडून माणूस जखमी होण्याचा प्रसंग एकच घडला: तो विसावला होता त्या झुडपात माणसांचा एक गट शिरला तेव्हा.

तिथे दोष कुणाचा, हे सांगणे सोपे आहे. झुडपात शिरण्याची सक्ती कुणावर नव्हती. हौसेने, कुतूहलाने किंवा छायाचित्रासाठी जो जातो, त्याने ‘रान कुणाचे’ हा प्रश्न निघण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवा. पण अस्वलाने जखमी केलेली बहुसंख्य माणसे अशी हौशी नसतात. अविभाजित मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसे मृत्युमुखी पडली आणि ६८६ जखमी झाली. आपल्या विदर्भाला लागून असलेल्याच रानांचा हा प्रदेश. लाकूडफाटा, तेंदूपत्ता, मोह यांसाठी रोज रानात जाणाऱ्यांचा.

या माणसाला ‘तू तिथे गेलासच का’ असे विचारणे अन्यायाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्याचा हक्क मान्य केला आहे. तो तिथे पाहुणा नाही. जबाबदारी त्याचीही आहे, पण ती निराळी. आणि खरे तर ती तो पूर्वीपासून पाळत आला आहे. एकट्याने न जाणे. वाटेने मोठ्याने बोलणे, काठी आपटत चालणे, तिला घुंगरू बांधणे. घळीत उतरण्यापूर्वी हाळी देणे. ताजे फोडलेले वारूळ दिसले की वाट बदलणे. कुत्र्याला पुढे न सोडणे, कारण अस्वलाला भुंकून ते घाबरून मालकाकडेच परत येते, आणि मागोमाग अस्वल. ही सारी बुद्धी कुठल्याही सरकारी तक्त्यात नोंदली गेली नाही.

या शहाणपणाला मर्यादा पडते ती मोहाच्या दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. अस्वलाला ती अतिशय प्रिय. उजाडेपर्यंत थांबले तर गुरे, हरणे किंवा दुसरे कुणी ती नेणार. म्हणून वेचणारी बाई अंधारातच निघते, झाडाखाली वाकून बसते आणि वाकलेल्या माणसाला आजूबाजूचे दिसत नाही. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय केला जातो. फुले जमिनीपासून वर, जाळीतच अडकून राहतात. गुरांचे तोंड तिथवर सहजी पोहोचत नाही, पालापाचोळा जाळून जमीन साफ करावी लागत नाही, आणि वेचणारीला सूर्य वर येईपर्यंत घरी थांबता येते.